बार्बेक्यूची हौस घरी भागवा!

दोन दिवस ऊन पडलं की मँचेस्टरजवळच्या माळावर लोक वापरून फेकायचे बार्बेक्यू घेऊन हजर! मनाईची पाटी असते, तिच्याच शेजारी पेटवतात. अहो, पायाखाली पीट आहे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची जळाऊ माती! ते पेटलं की आग जमिनीच्या पोटात दिवसेंदिवस धुमसत राहते, वरवर पाणी मारून विझत नाही. २०१८ च्या जूनमध्ये सॅडलवर्थ मूर हा इथलाच माळ पेटला तेव्हा लष्कर बोलवावं लागलं होतं. त्यात हेच दिवस जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीचे. न उडणारी पिल्लं जाणार कुठे? सांगायला जावं तर म्हणे, "एवढासा तर निखारा!" एवढासाच पुरतो! डबा न्या, थर्मास न्या, गार खा एक दिवस. आणि निघताना तो तापलेला ट्रे तिथेच हेदरच्या झुडपांत टाकून जातात, ते तर डोक्यातच जातं.