एका आण्याचं भांडण

वडिलोपार्जित घर विकायला काढलंत, अभिनंदन. गेली वीस वर्षं तुम्ही त्या घरी गणपतीत पाच दिवस आणि मे महिन्यात आंबे उतरवायला जाता. आता गिऱ्हाईक आलंय, मुंबईचं आहे. त्याला चिऱ्याच्या भिंती, पडवी आणि झोपाळा एवढा आवडलाय की घासाघीस करायचं सोडून तो फक्त 'रेंज येते ना?' असं विचारून गेला. अशा वेळी व्यवहार सुरळीत पार पडण्याचा मोठाच धोका असतो. तो टाळायचा तर शेजारच्या तात्यांवाचून गत्यंतर नाही.

तात्या म्हणजे भाऊबंदच. दोन घरांमध्ये गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांचं कुंपण आहे, आणि गडग्याला टेकून फणस. फणसाचं खोड कुणाच्या बाजूला, हे सांगणारा कुठल्या बाजूला उभा आहे त्यावर ठरतं. तुमच्या आजोबांनी त्यावर एक अडाणी तोडगा काढला होता: पहिला पिकलेला फणस तात्यांच्या घरी जायचा, आणि तात्यांच्या वडिलांनी गडग्याच्या अलीकडे दोन फुटांत लाकडं रचायची. कागद नाही, साक्षीदार नाही, स्टॅम्प नाही. असा व्यवहार पन्नास वर्षं चालला यातच त्या पिढीचं अज्ञान दिसतं.

तर पहिली गोष्ट, घर विकताय हे तात्यांना सांगू नका. ओटीवर बसून चहा घेत 'तात्यानूं, विकायचा विचार आहे, तुमचं काय म्हणणं?' असं चुकूनही विचारू नका. चहाचा खर्च होतो आणि वाद मरतो. त्यांना ते वर्तमानपत्रातून कळू द्या. गिऱ्हाइकाचा वकील जाहीर नोटीस देतोच: खालील वर्णनाच्या मिळकतीत कुणाचा हक्क, हितसंबंध, वहिवाट, बोजा असल्यास चौदा दिवसांत लेखी कळवावे. तात्या पेपरात निधनवार्तांखेरीज काही वाचत नाहीत, पण नोटिशी निधनवार्तांच्या शेजारीच असतात. आपल्याला हितसंबंध आहे हे माणसाला बहुधा असंच कळतं.

आता भांडणाच्या आकाराकडे येऊ. गडगा साठ फूट लांब, वाद दोन फुटांचा, म्हणजे 120 चौरस फूट. गुंठा 1,089 चौरस फुटांचा, तेव्हा हा गुंठ्याचा नववा हिस्सा. आपल्याकडे जमीन मोजायची जुनी साखळी 33 फुटांची आणि तिचे आणे सोळा. एक आणा म्हणजे दोन फुटांहून जेमतेम पाऊण इंच जास्त. थोडक्यात तुमची बाजू सोळा आणे खरी असली तरी भांडण एका आण्याचं आहे. हे हिशेब गिऱ्हाइकापुढे करू नका, त्याला हसू येईल.

मोजणी मात्र आधी मुळीच करू नका. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करता येतो, फी भरून तारीख मिळते, लगतधारकांना नोटिसा जातात, भूकरमापक येऊन खुणा दाखवतो आणि पुढे 'क' प्रतीचा, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा हातात पडतो. किती रूक्ष! त्यापेक्षा आतेभावाने मोबाइलवर उघडलेला उपग्रह नकाशा पुष्कळ बरा. त्यात हिरव्या झाडीवर पिवळी रेघ मारता येते, आणि बोट थोडं सरकलं की तात्यांची न्हाणी तुमच्या नावावर होते. सोबत ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा फडकवा. तो घरपट्टीसाठी असतो, मालकीसाठी नसतो, पण आवाज चढलेला असला की कुणी वाचत नाही.

सातबाऱ्याचं काय, असं विचाराल. सातबाऱ्यावर अजून आजोबाच आहेत. शिवाय आजोबांचे दोन भाऊ, एक मृत चुलती आणि कधी कुणी न पाहिलेला एक 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान वारसाचा पालनकर्ता. वारस नोंद करायची तर मृत्यूचे दाखले, वारसांची यादी, तलाठ्याकडे (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) अर्ज, फेरफार, हरकतींची मुदत, मग मंडळ अधिकाऱ्याची सही. एवढं करत बसलात तर आत्याची आठवण होईल, आणि आत्याचाही हिस्सा आहे हे आत्याला आठवेल. तेव्हा स्वतःची हद्द ठरलेली नसताना आधी तात्यांच्या हद्दीवर बोला.

तात्या हरकत घेतीलच. तेव्हा उत्तर जरूर लेखी द्या, आणि रागात द्या. 'आपण गेली तीस वर्षे आमच्या जागेत बेकायदा घुसून लाकडे रचत आहात' हे वाक्य अवश्य घाला. याचा फायदा तात्यांना कसा होतो ते त्यांचा वकील समजावून सांगेल. बारा वर्षं उघडपणे, मालकाच्या विरोधात, अखंड ताबा असला की मुदतीच्या कायद्याने मालकाचा दावा बुडू शकतो. आजोबांनी आपलेपणाने दिलेली मुभा असती तर तात्यांना तसं म्हणणं जड गेलं असतं, कारण परवानगीने वापरलेली जागा अशा विरोधातल्या ताब्यात धरली जात नाही. पण मुभा म्हणजे दुबळेपणा! तुम्ही ठणकावून घुसखोरी म्हणा, तीस वर्षं म्हणा, आणि खाली सही करा. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. तात्याही जपून ठेवतील.

गिऱ्हाइकाला यातलं काही सांगू नका, हे वेगळं सांगायला नकोच. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा कलम 55 मध्ये म्हणतो की मिळकतीतला किंवा मालकी हक्कातला मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल आणि घेणाऱ्याला सहज दिसणारा नसेल, तर तो सांगावा. 1882 साली लोक भोळे होते. खरेदीखतात तुम्ही 'सदर मिळकत निर्वेध व निजोखमी असून, कोणाची हरकत आल्यास ती आम्ही आमच्या खर्चाने दूर करू, तुम्हांस तोशीस लागू देणार नाही' असं बिनधास्त लिहून द्या. हे वाक्य सगळ्याच खरेदीखतांत असतं, म्हणून त्याचा अर्थ कुणी लावत नाही. लावला, तर 'आमच्या खर्चाने' हे दोन शब्द तुम्हाला नीट दिसतील.

चतुःसीमा लिहिताना थोडी कल्पकता वापरा. पूर्वेस वहाळ, पश्चिमेस पाणंद, उत्तरेस मंदिराची जागा, दक्षिणेस 'तात्यांनी अतिक्रमण केलेला भाग'. दस्त नोंदवायच्या दिवशी गिऱ्हाईक आपला वकील घेऊन येतं, वकील मोठ्याने वाचतो आणि चष्मा काढतो. व्यवहार त्या दिवशी होत नाही. घराला पुन्हा कुलूप लागतं, आणि पुढच्या पावसात मागच्या पडवीची कौलं सरकतात.

अखेर गिऱ्हाइकाच्या आग्रहाने मोजणी होतेच. साहेब रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने मोजणारं यंत्र घेऊन येतात, सगळं गाव पाणंदीत उभं, तात्यांनी धोतर नेसलेलं, तुम्ही बूट घालून. खुणा पडतात आणि निष्पन्न होतं ते असं: गडगा तात्यांच्याच जमिनीत आहे. तुमच्या विहिरीचा कठडा आणि मोरीचं पाणी जिथे उतरतं ती जागाही त्यांचीच. आजोबांना हे बहुधा ठाऊक असावं; पहिला फणस उगाच नव्हता जात.

खचू नका. 'मोजणी चूक' म्हणून निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी मागा. तीही विरोधात गेली तर सुपर निमताना आहे, दिवाणी कोर्ट आहे, मनाई हुकूम आहे. दावा चालू असताना मिळकत विकली तरी घेणारा निकालाला बांधला जातो, त्यामुळे शहाणा माणूस फिरकत नाही आणि घर आपोआप कुटुंबात राहतं. मुलाला फाइल आत्तापासून दाखवून ठेवा, तो अमेरिकेत असला तरी. गावात तंटामुक्त समिती असेल तर तिच्याकडे जाऊ नका, तिथे चहा देतात.

आणि मे महिन्यात तात्यांकडची वहिनी एसटीच्या ड्रायव्हरबरोबर फणसाच्या गऱ्यांची पिशवी पाठवेल, वर चिठ्ठी: 'यंदाचा पहिला.' पिशवी घ्या, गरे खा, आठळ्या वाळवून ठेवा. पोच मात्र देऊ नका. ती कोर्टात पुरावा होते.