‘निर्दोष माणूस कबुली देतच नाही’ म्हणे! लेस्ली मोल्सीडच्या फॉरवर्डची चिरफाड

‘सत्य कधीच लपत नाही’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. इंग्लंडमधल्या लेस्ली मोल्सीड नावाच्या 11 वर्षांच्या मुलीच्या खुनाची गोष्ट आहे. दावा थोडक्यात असा की 1975 साली खून झाला, एका क्लार्कने स्वतःहून कबुली दिली म्हणून बिचाऱ्या पोलिसांनी त्याला आत टाकलं, पण तपास काही सोडला नाही, मग डीएनए आलं, डीएनएने क्लार्क सुटला, खरा खुनी सापडला, क्लार्कला करोडो रुपये मिळाले, सगळं गोड. आणि शेवटी नेहमीचा तडका: आपल्याकडे मात्र पोलिसांसमोरची कबुली कोर्ट केराच्या टोपलीत टाकतं, निर्दोष माणूस खुनाची कबुली देईल का कधी, कबुली आली की थेट फाशी द्या.

मामांनी हे फॅमिली ग्रुपवर टाकलं तेव्हा मी सोडून दिलं होतं, मामा रोजच काहीतरी टाकतात. पण खाली माझा भाचा, बारावीत आहे आणि पुढे लॉ करायचंय म्हणतो, त्याने लिहिलं की ‘खरंच, कबुली चालायलाच हवी’, आणि त्यावर अख्ख्या खानदानाचे अंगठे. म्हणजे उद्याचा वकील असल्या मेसेजवर तयार होणार. मग बसले लिहायला.

आधी घडलं काय ते. लेस्ली रॉचडेल गावात राहायची, मँचेस्टरच्या जवळ. जन्मापासून हृदयाचा त्रास, अंगाने लहानखुरी. 5 ऑक्टोबर 1975, रविवार, आईने दुकानातून ब्रेड आणायला पाठवलं ती परत आलीच नाही. तीन दिवसांनी रिशवर्थ मूर नावाच्या उजाड माळावर, रस्त्यापासून जरा वरच्या चढावर तिचा मृतदेह मिळाला, चाकूचे 12 वार. कपड्यांवर वीर्याचे डाग होते. हे डाग लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यांच्यावरच येतं.

आता कबुली. स्टीफन किश्को, वय 23, इन्कम टॅक्स ऑफिसात क्लार्क, आईवडील युक्रेन आणि स्लोव्हेनियाकडून आलेले. अंगाने अवाढव्य, मनाने पोरगं, मित्र नाहीत, सगळं जग म्हणजे आई आणि मावशी. त्याच्यावर संशय का आला तर तीन शाळकरी मुलींनी सांगितलं की या माणसाने आमच्यासमोर अश्लील प्रकार केला. त्या खोटं बोलत होत्या, गंमत म्हणून, हे त्यांनी मोठं झाल्यावर स्वतः मान्य केलं, पण खटल्याच्या वेळी जजसाहेबांनी त्यांच्या धैर्याचं आणि प्रामाणिकपणाचं भर कोर्टात कौतुक केलं होतं. बाकी ‘पुरावे’ बघा: गाडीत गोळ्या-चॉकलेटची पिशवी, काही नको ती मासिकं, आणि एक वही. त्या वहीत तो त्याला त्रास देणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहून ठेवायचा, तशी सवयच होती त्याला, त्यातला एक नंबर म्हणे घटनास्थळाजवळ दिसलेल्या गाडीचा निघाला. झालं, पोलिसांच्या डोक्यात चित्र पक्कं.

डिसेंबर 1975 मध्ये, नाताळच्या तोंडावर, त्याला उचललं. वकील नाही. आईला शेजारी बसू द्या म्हणाला, तेही नाही. टेप रेकॉर्डिंग वगैरे प्रकार तेव्हा नव्हता. चौकशीचे दिवसच्या दिवस, आणि शेवटी कबुली. का दिली हे त्याने नंतर सांगितलंय आणि ते भाच्याने दोनदा वाचावं. मी खोटं सांगायला लागलो तसे ते खूष व्हायला लागले, माझ्यावरचा दबाव कमी झाला, मला वाटलं मी सांगितलेलं ते तपासून बघतील, खोटं आहे असं त्यांना कळेल आणि मला सोडून देतील, असं साधारण त्याचं म्हणणं. नाताळला घरी जायचं होतं त्याला, बस. वकील समोर आल्याबरोबर त्याने कबुली मागे घेतली, पण सही झालेली होती.

तेव्हा ‘निर्दोष माणूस कबुली देईल का’ याचं उत्तर, हो, देतो. थकलेला देतो, घाबरलेला देतो, समोरच्याला खूष करायची सवय असलेला तर पटकन देतो. आणि हा काही जगातला एकच नमुना नाही. इंग्लंडमध्येच 1986 मध्ये लेस्टरजवळच्या एका गावातल्या शाळकरी मुलीच्या खुनाची कबुली 17 वर्षांच्या एका मुलाने दिली होती, आणि डीएनए जुळलं नाही म्हणून तो वाचला, खरा खुनी कॉलिन पिचफोर्क 1988 मध्ये तुरुंगात गेला. गुन्ह्याच्या तपासात डीएनए वापरलं गेल्याची ही जगातली पहिली मोठी केस. म्हणजे डीएनएने पहिलं काम काय केलं तर पोलिसांसमोरची कबुली खोटी पाडली! आणि फॉरवर्डवाले त्याच डीएनएचं नाव घेऊन कबुलीची भलामण करतायत, काय बोलायचं.

आपल्याकडे पोलिसांसमोरची कबुली चालत नाही हा नियम कुणा मानवाधिकारवाल्याने काल आणलेला नाही. 1872 च्या एव्हिडन्स अ‍ॅक्टचं कलम 25, इंग्रजांनी केलेलं, कारण पट्ट्याने काय काय कबूल करवून घेता येतं हे त्यांना पुरेपूर माहीत होतं. नवीन भारतीय साक्ष अधिनियमातही तो नियम कलम 23 म्हणून तसाच ठेवलाय. कबुली द्यायचीच असेल तर मॅजिस्ट्रेटसमोर द्या, कोण अडवतंय. या नियमामुळे कधीकधी खरा गुन्हेगारही सुटत असेल, हे मी नाकारत नाही. पण याच इंग्लंडमध्ये आपल्यासारखा नियम असता तर किश्कोविरुद्ध उरलं काय असतं? गोळ्यांची पिशवी.

पुढचा मुद्दा, ‘डीएनएमुळे क्लार्क सुटला’. साफ चूक. आणि ही चूक छोटी नाही, कारण त्यातून असं वाटतं की 1976 मध्ये सायन्सच नव्हतं, पोलीस तरी काय करणार. अहो सायन्स होतं! किश्कोला जन्मजात हार्मोनचा विकार होता, त्याच्या वीर्यात शुक्राणूच नव्हते. पोलिसांनी कोठडीत त्याचा नमुना घेतला होता, लॅबने तपासला होता. लेस्लीच्या कपड्यांवरच्या डागात शुक्राणू होते. त्याच्या नमुन्यात नाहीत. साध्या मायक्रोस्कोपखाली दिसणारी गोष्ट, दहावीच्या पोराला समजेल. ही माहिती बचावाच्या वकिलांपर्यंत पोचलीच नाही. तो त्या वेळी मावशीबरोबर हॅलिफॅक्सला वडिलांच्या कबरीवर गेला होता, त्याचा घोटा काही महिन्यांपूर्वी मोडला होता, तो चढ चढणं त्याला कठीण, हे सगळं बाजूला पडलं. जुलै 1976, लीड्सचं कोर्ट, ज्युरी 10 विरुद्ध 2, जन्मठेप. 1978 मध्ये अपील फेटाळलं.

1992 च्या फेब्रुवारीत अपील कोर्टात न्यायाधीश लॉर्ड लेन यांनी जे सांगितलं त्यापुढे बाकी काही वाचलं नाही तरी चालेल: हा माणूस शुक्राणू निर्माणच करू शकत नाही, तेव्हा तो खुनी असूच शकत नाही. यात डीएनएचा ड सुद्धा नाही. सोळा वर्षं लागली त्या एका वाक्याला.

‘पोलिसांनी तपास सोडला नाही’, हे वाचून तर मी मोबाइल बाजूलाच ठेवला. तपास सोडला नाही?? कबुली मिळाल्यावर केस क्लोज, फाइल कपाटात. लढली ती त्याची आई शार्लट. एकटी बाई, सगळा गाव विरोधात, ती पत्रं लिहीत राहिली, 1987 मध्ये तिला कॅम्पबेल मॅलोन नावाचे वकील मिळाले, तेव्हा कुठे चाक हललं. इकडे पोरगा तुरुंगात मार खातोय, लहान मुलीचा खुनी म्हणून इतर कैदी त्याला ठोकून काढायचे, हळूहळू स्किझोफ्रेनिया झाला. गुन्हा मान्य कर, पश्चात्ताप दाखव, पॅरोलचं बघू, असं सांगितलं तर याने मान्य केलं नाही. ज्याने नाताळसाठी खोटी कबुली दिली होती तोच माणूस, आता सुटकेसाठीसुद्धा दुसरी द्यायला तयार नाही.

हां, एक श्रेय द्यावं लागेल. 1991 मध्ये फेरतपास झाला तो वेस्ट यॉर्कशायर पोलिसांच्याच ट्रेव्हर विल्किन्सन या अधिकाऱ्याने केला आणि प्रामाणिकपणे केला, आपल्याच खात्याची चूक झाकली नाही. आणि लेस्लीचे कपडे नष्ट झाले असले तरी त्यावर चिकटवून नमुने उचललेल्या चिकटपट्ट्या कुणीतरी जपून ठेवल्या होत्या, त्यावरून 1999 मध्ये डीएनए प्रोफाइल तयार झालं. तेवढ्यापुरतं फॉरवर्ड बरोबर आहे, खरा खुनी डीएनएनेच पकडला. तोही कसा? 2005 मध्ये रोनाल्ड कास्ट्री भलत्याच तक्रारीत अटक झाला, त्यात त्याच्यावर आरोपपत्रसुद्धा झालं नाही, पण नियमाप्रमाणे तोंडातला स्वॅब घेतला आणि डेटाबेसमध्ये जुळला. नोव्हेंबर 2007 मध्ये ब्रॅडफर्डच्या कोर्टाने जन्मठेप दिली, किमान 30 वर्षं.

पण फॉरवर्डमध्ये हे नाही की हाच कास्ट्री 1976 मध्ये, लेस्लीच्या खुनाला वर्ष होतंय न होतंय तोवर, रॉचडेलमध्येच 9 वर्षांच्या एका मुलीला पळवून तिच्याशी अश्लील वागल्याबद्दल दोषी ठरला होता. शिक्षा किती? 25 पाउंड दंड. तेच गाव, तसंच लहान वय, पण खुनी तर ‘मिळालेला’ होता ना, मग याच्याकडे कोण बघणार. चुकीचा माणूस आत गेला की गुन्हा अर्धा सुटतो असं काहीजणांना वाटतं. इथे त्या एका कबुलीने खऱ्या माणसाला 30 वर्षं पांघरूण घातलं, तो टॅक्सी चालवत होता, कॉमिक्स विकत होता. त्यामुळे ‘सत्य कधीच लपत नाही’ हा मथळाच फेकून द्या.

फाशी. ब्रिटनमध्ये खुनाला फाशी 1965 मध्ये थांबवली होती म्हणून किश्को जिवंत तरी राहिला. त्याचा स्वतःचा बचाव करणारे वकील डेव्हिड वॉडिंग्टन, त्यांनी त्याला न विचारता ‘केलं असेल तर हार्मोनच्या इंजेक्शनमुळे भान नव्हतं’ असाही बचाव घेतला, म्हणजे एकीकडे तो तिथे नव्हता म्हणायचं आणि दुसरीकडे हे, ज्युरीने काय समजायचं? हेच गृहस्थ पुढे होम सेक्रेटरी, म्हणजे गृहमंत्री झाले, आणि फाशीचे समर्थक होते. सरकारी बाजूने लढलेले पीटर टेलर 1992 मध्ये लॉर्ड चीफ जस्टिस, म्हणजे तिथले सरन्यायाधीश झाले. तपास अधिकारी आणि फॉरेन्सिकवाले यांच्यावर 1994 मध्ये आरोप ठेवले, पण फार काळ लोटला म्हणून 1995 मध्ये खटला उभाच राहिला नाही. तेव्हा दोष कुणावर सिद्ध नाही, बढत्या मात्र झाल्या.

आणि ज्यांना कोर्टाचीही घाई सहन होत नाही, एन्काउंटर करा म्हणतात, त्यांनी पाकिस्तानातलं कसूर शहर आठवावं. 2017 मध्ये तिथे एका लहान मुलीच्या खुनाचा संशयित म्हणून पोलिसांनी एका तरुणाला गोळ्या घातल्या, लोक खूष. जानेवारी 2018 मध्ये झैनब या दुसऱ्या लहान मुलीच्या खुनाच्या केसमध्ये इम्रान अली सापडला आणि डीएनएने दाखवलं की त्या आधीच्या मुलीचा खूनही त्यानेच केला होता. मधल्या काळात आणखी मुली गेल्या.

आपल्याकडे असं होत नाही म्हणणाऱ्यांसाठी, आपल्या महाराष्ट्रातलंच सांगते. 2003 च्या एका हत्याकांडात भटक्या विमुक्त जमातीतले सहा जण पकडले, 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी ठरवली, आणि 2019 मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख द्या म्हणून सांगितलं. एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. जिवंत वाचलेल्या साक्षीदार बाईने सुरुवातीला पोलिसांच्या अल्बममधले दुसऱ्याच चार जणांचे फोटो ओळखले होते, त्या चौघांचा तपासच झाला नाही. मामा, ‘कबुली आली की थेट’ असं लिहिताना तुमच्या डोळ्यासमोर नेहमी नराधमच असतो, असा सापडलेला गरीब माणूस नसतो.

‘करोडो मिळाले’? जाहीर झाले पाच लाख पाउंड, त्यातली थोडी उचल मिळाली. बाहेर येऊन दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, 23 डिसेंबर 1993 ला, किश्को हार्ट अटॅकने गेला, वय 41. आई 1994 मध्ये गेली. पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाच्याच हातात पडली नाही.

शेवटचं. मेसेजच्या तळाला ‘हाच तो क्रूर खुनी’ म्हणून जो गोल चेहऱ्याच्या जाड माणसाचा फोटो लावलाय तो कास्ट्रीचा नाही, किश्कोचा आहे. बाकी वाद घालायचा तर घाला, पण ज्यांनी ज्यांनी पुढे पाठवलंय त्यांनी निदान तो फोटो आजच्या आज डिलीट करा, आणि ज्यांना पाठवला त्यांनाही करायला सांगा.