खिडकीच्या या बाजूला आपलं स्वागत आहे

सर्वप्रथम अभिनंदन. इकडे कर्नाटकात, बेळगावच्या विद्यापीठातून निवृत्त व्हायला ऑफिसच्या माणसाला ६० वर्षं पुरी करावी लागतात आणि प्राध्यापकाला ६२. (ही दोन वर्षं जास्तीची कशासाठी, यावर परीक्षा विभागातल्या मंडळींनी चहाच्या टपरीवर उभी हयात घालवली आहे.) शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, म्हैसूर पेटा डोक्यावर बसला, कुंद्याचा डबा घरी आला. भाषणं ऐकताना आपण संस्थेचे आधारस्तंभ होतो, हेही तुम्हाला पहिल्यांदाच कळलं. आता पुढे काय, असा प्रश्न पडला असेल, तर खालील सूचना बारकाईने वाचा.

पेन्शनचे कागद आधीपासून तयार ठेवू नका. सेवापुस्तक काढून बघणं, रजेच्या नोंदी ताडून पाहणं, 'नो ड्यूज'साठी ग्रंथालयाची पुस्तकं परत करणं, हे सगळं ज्यांना संस्थेवर विश्वास नाही ते करतात. तुमचा आहे. शिवाय तुमच्या नावाची गंमत मध्येच उघडी पडली तर उत्सुकता राहणार नाही. शाळेच्या दाखल्यावर मराठीत एक नाव, सेवापुस्तकात कानडीत दुसरं, आधारवर इंग्रजीत तिसरं. एकात वडिलांचं नाव आहे, दुसऱ्यात गावाचं, तिसऱ्यात दोन्ही असून आडनाव गायब. असे तीन गृहस्थ एकाच खुर्चीवरून एकाच दिवशी निवृत्त झाले आणि पेन्शन मात्र एकालाच मिळणार. आता तो एक कोण, हे ठरवायला ॲफिडेव्हिट आहे, नोटरी आहे, कोर्टाच्या आवारातली टायपिंगची टेबलं आहेत. निवृत्तांचे बैठे उपक्रम म्हणतात ते हेच.

जन्मतारखेचं बोलायलाच नको. मास्तरांनी पहिलीत घालताना सगळ्या वर्गाला १ जून दिली, त्यात तुम्हीही आलात. आणि एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच निवृत्त होतो, त्यामुळे ३१ मे रोजी एकाच विभागातले चौघे शाल पांघरून एकाच फोटोत उभे असतात. मास्तरांचा तेवढा एकच निर्णय सरकारने कधी फिरवला नाही.

मग ती खिडकी येते. तुम्हाला ती ओळखीची आहे, कारण तीस वर्षं तुम्ही तिच्या आत होता. खानापूरच्या जंगलातल्या गावातून दोन बस बदलून पोरगं मार्क्सकार्डातली चूक दुरुस्त करून घ्यायला यायचं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून 'साहेब मीटिंगला गेलेत' म्हणायचा. चलन भरलं नाही, चलन भरलं तर झेरॉक्स नाही, झेरॉक्स आहे तर त्यावर प्रिन्सिपॉलचा शिक्का नाही. आता त्याच आसनावर बसलेल्या तरुणाला तुम्ही 'अहो, मी याच सेक्शनचा सुपरिंटेंडेंट होतो' असं जरूर सांगा. तो उठून नमस्कार करील, खुर्ची देईल, चहा मागवील आणि फाईल ऑडिटला गेली आहे म्हणून सांगेल. ती खरोखर ऑडिटला गेली आहे का, हे त्याला विचारू नका. हे उत्तर त्याला कुणी शिकवलं, ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. कुठली फाईल कुणाच्या टेबलावर किती दिवस ठेवायची, याचं शास्त्र या जगात तुमच्याहून जास्त कुणाला कळतं? तेव्हा चिडचिड करणं तुम्हाला शोभत नाही. दर्दी श्रोत्यासारखं शांत बसून दाद द्या.

ज्यांची नोकरी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या बेळगाव केंद्रात सुरू झाली आणि २०१० साली त्याचंच राणी चन्नम्मा विद्यापीठ झाल्यावर नव्या नावाखाली संपली, त्यांना या सुखाचा दुप्पट लाभ आहे. त्यांच्या आयुष्याला दोन शहरं आहेत, दोन आवक-जावक रजिस्टरं आहेत, आणि मधे हायवे आहे.

पैसे हाती आले की पहिल्यांदा पोस्टात जाऊ नका. तिथे ज्येष्ठ नागरिक बचत योजना नावाची एक नीरस गोष्ट आहे. ३० लाखांपर्यंत रक्कम पाच वर्षं ठेवता येते, दर तिमाहीला व्याज खात्यात पडतं, आणि पाच वर्षांत एकदाही कुणी तुमच्या घरी पेढे घेऊन येत नाही. त्यापेक्षा गल्लीतली क्रेडिट सोसायटी बघा. चेअरमन ओळखीचे, गणपतीला वर्गणी मोठी, आणि व्याजाचा दर ऐकून बँकेचा मॅनेजरही खुर्चीतून उठेल असा. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंत ठेवीचा विमा असतो. सोसायटीला ती भानगड नाही. माणसाने माणसावर विश्वास ठेवावा, विम्यावर काय ठेवायचा! उद्या शटर खाली आलंच, तर ठेवीदारांची संघर्ष समिती असते, तिला निवेदनाचा मसुदा लिहिणारा माणूस लागतो, आणि 'उपरोक्त विषयास अनुसरून' तुमच्याइतकं सहज कुणाला येतं?

उरलेली ग्रॅच्युइटी फोनवरून द्या. व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला एखादा साहेब हिंदीत सांगेल की तुमच्या नावाचं पार्सल मुंबईत अडकलंय आणि तुम्हाला डिजिटल अरेस्ट झाली आहे. आयुष्यभर 'वरून आदेश आहे' एवढं ऐकून सही करणाऱ्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. असली अटक भारताच्या कुठल्याच कायद्यात नाही, ही माहिती विसरा. १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर भिंतीवर लिहू नका, रंग खराब होतो. आणि मुलाला तर अजिबात कळवू नका. तो लगेच फोन कट करायला सांगेल आणि एवढा मोठा साहेब दुखावेल.

मुलाचं निघालंच आहे, तर घर त्याच्या नावावर करून टाका. बक्षीसपत्र करताना एखादा चोखंदळ वकील म्हणेल की 'माझा सांभाळ करण्याच्या अटीवर' असं एक वाक्य घालू या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात, अट पाळली नाही तर असं बक्षीसपत्र रद्द ठरवून घेण्याची सोय आहे. त्या वकिलाला तिथेच थांबवा. पोटच्या पोराला अट? ऑफिसात पेन्सिलच्या इंडेंटलाही तुम्ही तीन सह्यांची अट घालत होता, ही गोष्ट वेगळी.

आता प्रवास. रिटायर माणसाने फिरावं, असं ज्यांना अजून पाच वर्षं नोकरी आहे ते सांगतात. कर्नाटकच्या बसमध्ये साठी ओलांडलेल्याला तिकिटात २५ टक्के सूट आहे, पण त्यासाठी वयाचा पुरावा दाखवावा लागतो, आणि मागच्या सीटवर ओळखीचं कुणी असलं तर? पूर्ण तिकीट काढा. शेजारी सौभाग्यवती कर्नाटक सरकारच्या बायकांसाठीच्या 'शक्ती' योजनेचं शून्य रुपयांचं तिकीट हातात धरून खिडकीजवळ बसल्या असतील. जून २०२३ पासून त्या सौंदत्ती काय, गोकाक काय, माहेर काय, मनात आलं की निघतात. एवढी वर्षं घरात कर्ता कोण हा वाद होता, तो कंडक्टरने मिटवला.

कोल्हापूरला जायचं ठरलं की मात्र नवरा-बायको पुन्हा समान पातळीवर येतात, कारण आंतरराज्य गाडीत शक्ती चालत नाही. मग तुम्ही म्हणाल, एसटीने जाऊ. जा. तिथे २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वाल्यांना अर्धं तिकीट. फक्त ते महाराष्ट्राच्या हद्दीत आणि महाराष्ट्राच्या रहिवाशाला. आपण १९५६ पासून महाराष्ट्रात जायला निघालेलो आहोत, हा रहिवासाचा पुरावा म्हणून कंडक्टरपुढे ठेवून बघा. त्याला आधार कार्ड पाहिजे असतं, आणि त्यावर पिनकोड बेळगावचा असतो. तरी वाद सोडू नका. सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालापासून सुरुवात केली तर हत्तरगी टोलनाक्यापर्यंत तो ऐकून घेईल. महाराष्ट्राने २००४ साली सुप्रीम कोर्टात दावा घातला इथवर आलात की निपाणी येईल. आणि दाव्याचा निकाल लागायच्या आत कागल. तिकीट पुरं घेतलेलं असेल, खरं वेळ बरा जातो.

औषधपाण्याचंही असंच गोड आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली जनआरोग्य योजना देऊ केली. इकडच्या सरकारला राग आला. दोन सरकारं तुमच्या तब्येतीसाठी भांडतात, एवढं भाग्य पुण्याच्या पेन्शनरला तरी आहे का? आता फक्त आजार कुठल्या बाजूचा, ते ठरवून घ्या.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. १ तारखेला सुट्टी असते, बँक बंद असते, एका रस्त्यावर कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसऱ्यावर मराठी माणसांच्या काळ्या दिनाची फेरी असते. बाहेर पडायला हाच दिवस निवडा. नोकरीत असताना या दिवशी तुम्हाला हमखास ताप यायचा, आता तब्येत सुधारली असेल. नोव्हेंबर २०१४ मध्ये आपलं बेळगाव कागदोपत्री बेळगावी झालं आणि त्याच महिन्यात 'जीवन प्रमाण'ही आलं, म्हणजे गावाचं नाव बदललं तेव्हाच माणसाच्या जिवंतपणाचीही ऑनलाइन सोय झाली. हल्ली तर घरी बसून मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावले तरी दाखला जातो. नातवाला दहा मिनिटं लागतील. पण मग महिनाभर रांगेत भेटणाऱ्या जुन्या सहकाऱ्यांचं काय? यंदा कोण आलं नाही, ही बातमी तुम्हाला कुठे कळणार? रांगच धरा.

विरंगुळ्याला गावात कमी नाही. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चाला. चालणं दोन फेऱ्या आणि महागाई भत्त्यावर चर्चा सहा फेऱ्या, असं प्रमाण ठेवा. १८४८ सालचं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे फक्त पेपर वाचायला जा आणि आतलं पान कुणाला देऊ नका. कराओके क्लबात नाव घाला, शेजारी घर बदलतील. हिवाळा संपत आला की कडोली, उचगाव, येळ्ळूर अशी गावोगावची मराठी साहित्य संमेलनं लागतात. पदरमोड करून, वर्गणी काढून तिथली पोरं मांडव घालतात. तुम्ही व्यासपीठावर जागा मागा. सतरंजीवर बसायला गावची माणसं आहेत. ऐकायला मात्र थांबू नका, आपली कविता झाली की गाडी लावून निघा.

प्राध्यापकांसाठी खास सोय म्हणजे कमिट्या. नव्या कॉलेजला मान्यता द्यायची चौकशी समिती असली की कुणीतरी माजी प्राध्यापक लागतोच. प्रयोगशाळेत कुलूप, ग्रंथालयात शेजारच्या कॉलेजचे शिक्के असलेली पुस्तकं, आणि जेवणात मात्र मांडे. अहवालात 'सुधारणेस वाव आहे' लिहिलं की दुसऱ्या वर्षी पुन्हा बोलावतात.

आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची सूचना. पत्नीला काहीही सांगू नका. पीपीओचा, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा, कागद कुठल्या ट्रंकेत आहे, नॉमिनेशन कुणाच्या नावे आहे, बँकेच्या लॉकरची किल्ली कुठे, फॅमिली पेन्शनच्या अर्जावर तिचं नाव तिच्या आधारवरच्यासारखंच लिहिलंय की माहेरचं. कम्युटेशनची, म्हणजे पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी उचलल्याबद्दल कापलेली, रक्कम १५ वर्षांनी पुन्हा पेन्शनला जोडली जाते, ही तारीखही मनातच ठेवा. तुमच्या पश्चात ती सावकाश शोधील. त्या खिडकीतला तरुण तिलाही खुर्ची देईल, आणि धारवाडपर्यंत कितीही हेलपाटे पडले तरी तिला तिकीट पडणार नाही.