‘सातव्या माळेची रात्र’ या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

माझ्या माहेरी, गेवराई तालुक्यातील गंगथडीच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या (तिला आम्ही गंगाच म्हणतो), आमच्या गावी, गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस घरात पुराचे पाणी शिरले, त्याची हकिगत मी लिहिली होती. तिच्यावरील आपली प्रतिक्रिया मी दोन-तीन वेळा वाचली. आपल्या म्हणण्याचा सारांश असा, की पैठणच्या जायकवाडी धरणातून विसर्ग वाढणार असल्याचा इशारा वेळेवर दिला गेला होता, गावात दवंडीही झाली होती, तरी माझे आईवडील घरातच थांबले आणि त्यांच्यासाठी बचाव पथकाला जीव धोक्यात घालावा लागला. किल्लारीचा भूकंप होऊन बत्तीस वर्षे लोटली तरी आम्ही मातीचे घर सोडले नाही. आणि पूररेषेच्या आत राहून आता भरपाईसाठी शासनाकडे हात पसरतो आहोत. ‘ही आपत्ती निसर्गाची कमी आणि हट्टाची जास्त’ असे आपण शेवटी लिहिले आहे. आपण पाटबंधारे खात्यात नोकरी केलेली असल्याने या टीकेला मी उडवाउडवीचे उत्तर देणार नाही. तिच्यातील काही भाग मला मान्य आहे आणि काही मुळीच मान्य नाही.

आधी एक तपशील दुरुस्त करते. आईवडिलांना कोणत्याही बचाव पथकाने बाहेर काढलेले नाही, कारण त्या रात्री आमच्या गावापर्यंत पथक पोहोचूच शकले नाही. गावातील भोई समाजाच्या दोन तरुणांनी मासेमारीचा थर्माकोलचा चप्पू, म्हणजे लहानसा तराफा, आणून त्यांना एकेक करून शाळेच्या उंचवट्यावर नेले. आपला आक्षेप यामुळे कमी होत नाही, उलट वाढतो, याची मला जाणीव आहे. जवानांच्या अंगावर निदान जीवरक्षक जाकीट असते. या मुलांच्या कमरेला फक्त दोरी होती.

आता इशाऱ्याविषयी. इशारा मिळाला होता, हे खरे. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, तो ऐकला, समजून घेतला आणि आपल्या परीने हिशेबही केला. आमच्या ओसरीच्या दगडी खांबावर २००६ च्या ऑगस्टमधील पुराची गेरूने ओढलेली रेघ आहे. त्या वर्षी जायकवाडीतून अडीच लाख क्युसेकच्या घरात पाणी सोडले गेले होते, पैठण शहरात पाणी घुसले होते, आणि आमच्याकडे ते जोत्याच्या वर जेमतेम वीतभर येऊन थांबले होते. तेव्हापासून ती रेघ हे आमच्या घराचे माप झाले. गंगेला पाणी आले की अण्णा क्युसेकचा आकडा विचारतात आणि मनातल्या मनात तो रेघेशी ताडून पाहतात.

मूळ लेखात मी एक गोष्ट लिहिली नव्हती, ती आता लिहिते. त्या रविवारी दुपारी अण्णांना तो आकडा मी सांगितला. छत्रपती संभाजीनगरला घरी बसून, मोबाईलवर फिरत आलेला संदेश वाचून मी त्यांना फोनवर म्हणाले, की २००६ पेक्षा पाणी बरेच कमी आहे, घाबरू नका, फक्त खालचे सामान वर ठेवा. तो संदेश किती तासांपूर्वीचा होता, हे मी पाहिले नाही. विसर्ग त्यानंतर वाढत गेला आणि दोन लाख क्युसेकच्या वर गेला. आपण ज्याला वडिलांचा हट्ट म्हणता, तो निम्म्याहून अधिक माझा सल्ला होता. ही चूक मी लेखातून गाळली, कारण ती लिहिताना मला लाज वाटत होती, आणि आपली प्रतिक्रिया आली नसती तर कदाचित कधीच लिहिली नसती.

परंतु तो आकडा अचूक आणि ताजा असता, तरी त्याने आम्हाला नेमके काय सांगितले असते? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लाख लिटर. या वेगाने पावणेतीन तासांत एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, पाणी वाहून जाते. ही आकडेमोड मी करू शकते, अण्णाही करू शकतात, कारण ते जुन्या काळचे मॅट्रिक आहेत. पण त्या पाण्याने मारुतीच्या पाराची कितवी पायरी बुडेल, आणि पैठणचे दरवाजे वर उचलल्यापासून किती तासांनी बुडेल, हे त्या आकड्यात कुठेही नसते. दवंडीतही नव्हते. ‘नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ एवढेच होते, आणि हे वाक्य आमच्याकडे दर पावसाळ्यात ऐकू येते.

शिवाय पाणी नदीकडून आलेच नाही. आमच्या घरामागून एक ओढा वाहतो, एरवी पावसाळा सोडला तर कोरडाच. गंगा दुथडी भरल्यावर ओढ्याच्या तोंडाशी फुगवटा निर्माण झाला. वरच्या शिवारात चार दिवस अतिवृष्टी सुरू होती, ते सगळे पाणी नदीत उतरण्याऐवजी मागे सरकले आणि परसातून गोठ्यात शिरले. २००६ साली धरणाचे पाणी आले तेव्हा आमच्याकडे पाऊस उघडलेला होता, त्यामुळे ओढ्याला पाणी नव्हते. अण्णा बॅटरी घेऊन पुढच्या दारात बसून रेघेकडे पाहत होते, आणि मागून म्हैस ओरडायला लागली तेव्हा गोठ्यात गुडघाभर पाणी झालेले होते.

रात्रीचा वाढीव विसर्गाचा निरोप त्यांना का कळला नाही, याचे उत्तर वादळात आहे, आणि तिथेच आपला किल्लारीचा मुद्दाही येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तो भूकंप आमच्या गावालाही जाणवला होता. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर हात-दीड हात जाडीचे मातीचे माळवद, यांखाली झोपेत माणसे कशी दबली हे ऐकल्यावर आजोबांनी जे शक्य होते ते केले. पुढच्या तीन खणांवरची माती त्यांनी उतरवली आणि तिथे पत्रे टाकले, की पुन्हा जमीन हलली तर डोक्यावर निदान ओझे तरी नको. गावातील अनेकांनी हेच केले. त्या रविवारी दिवेलागणीच्या सुमारास सुटलेल्या वाऱ्याने सर्वांत आधी हेच पत्रे उचलले. वर ठेवलेल्या दगडांसकट ते उडाले, त्यांतला एक विजेच्या तारेवर जाऊन पडला आणि आमच्या आळीची वीज गेली. थोड्या वेळाने मोबाईलचे टॉवरही बंद पडले. भूकंपासाठी हलके केलेले छप्पर वाऱ्याला हलके लागले. आम्ही काहीच शिकलो नाही, असे आपण म्हणता. माझी तक्रार याच्या उलट आहे. आम्ही किल्लारीकडून शिकलो, २००६ कडूनही शिकलो, आणि दोन्ही वेळचे शिकणे त्या एकाच रात्री अंगावर आले.

आपण विचाराल, की पाणी दिसल्यावर तरी ते लगेच का निघाले नाहीत. एक कारण जनावरे. अंधारात, छातीपर्यंत चढत्या पाण्यात माझ्या भावाने दावी कापली, कारण बांधलेले जनावर जागीच बुडते आणि सुटलेले निदान पोहते तरी. दोन्ही बैल पोहत शाळेकडे गेले. म्हैस मात्र उलट ओढ्याच्या दिशेने गेली, ती सापडली नाही. दुसरे कारण आपल्याला कदाचित पटणार नाही. नवरात्र सुरू होते आणि घरात देव घटी बसलेले होते. सातवी माळ होती. घट हलवायचा नसतो आणि नंदादीप नऊ दिवस विझू द्यायचा नसतो, हे आई साठ वर्षे पाळत आली आहे. भावजयीने अखेर नंदादीप कंदिलाच्या काचेत ठेवून हातात घेतला, तेव्हा आई उठली. यात अर्धा तास गेला. हा अर्धा तास चुकीचा होता असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. मात्र त्याला अडाणीपणा म्हणू नये, एवढी विनंती आहे.

मातीच्या घराबद्दल आपण जे लिहिले आहे ते निम्मे बरोबर आहे. आमचे जुने गाव पांढरीवर आहे, म्हणजे शेकडो वर्षांच्या वस्तीने उंच झालेल्या टेकाडावर. गेल्या पंधरा-वीस वर्षांत बांधलेली सिमेंटची घरे खाली, काळीच्या म्हणजे शेतजमिनीच्या कडेला आहेत, कारण वर जागाच उरलेली नाही. पाणी आधी त्यांच्यात शिरले आणि कमरेच्या वर चढले. तेव्हा पाणी घरात येणार की नाही हे जोत्याच्या उंचीने ठरते, भिंत कशाची आहे याने नव्हे. पण पाणी ओसरल्यावर ती घरे धुऊन-पुसून वापरता आली आणि आमचे पडले, हेही मी मान्य केले पाहिजे. ते पुरात पडले नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, लख्ख ऊन पडलेले असताना, दुपारी पडले. पांढऱ्या मातीची भिंत खालून रात्र-दिवस भिजली होती, वरचे उरलेले माळवद पावसाने ओले होऊन दुप्पट जड झाले होते, आणि उन्हाने भिंतीचा बाहेरचा पापुद्रा सुकून आकसला तेव्हा आतला चिखल तो भार पेलू शकला नाही. घरचे सगळे त्या वेळी शाळेत होते. बळदात, म्हणजे धान्याच्या कोठारात, चार पोती ज्वारी होती, तिला तोवर मोड आले होते.

(जाता जाता एक. सिमेंटच्या घरांनाही काळ्या मातीत भेगा जातात, कारण ती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया खाली मुरमापर्यंत नेणे ज्यांना परवडते, त्यांचीच घरे टिकतात.)

पूररेषेचा मुद्दा आपल्यासारख्या जाणकाराने इतक्या घाईने मांडावा याचे मात्र मला आश्चर्य वाटले. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा, ही आखणी अलीकडची आहे. जायकवाडीची पायाभरणी १९६५ ची, धरण पूर्ण झाले १९७६ ला. आमचे घर पणजोबांनी बांधले, तेव्हा धरणही नव्हते आणि रेषाही नव्हती; आम्ही रेषेच्या आत राहायला गेलो नाही, रेषा आमच्या बाहेरून आखली गेली. शिवाय याच गंगेच्या पात्रात २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या गावाने झरे खणून, वाट्यांनी पाणी भरलेले आहे. त्या वर्षी कोणी आम्हाला नदीपासून दूर जायला सांगितले असते, तर आम्ही त्याला वेड्यात काढले असते.

भरपाईबद्दल आपण आकडे दिले नाहीत, म्हणून मी देते. आपत्ती निवारणाच्या त्या वेळच्या निकषांप्रमाणे पूर्ण पडलेल्या घराला सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये मिळत होते, अंशतः पडलेल्या कच्च्या घराला ४,००० रुपये आणि मेलेल्या दुभत्या म्हशीला ३७,५०० रुपये. पंचनामा पूर ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी झाला. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक चिखल तुडवत आले, त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्या दिवशी घर उभे होते, त्यामुळे नोंद ‘अंशतः पडझड’ अशी झाली, आणि ती नोंद करणाऱ्यांनी दिसले तेच लिहिले. तीन दिवसांनी घर जमीनदोस्त झाले. दुरुस्तीचा अर्ज घेऊन भाऊ संबंधित कार्यालयात तीनदा जाऊन आला. तिथे त्याला विचारले गेले, की पूर येऊन गेल्यावर पडलेले घर पुराने पडले हे कशावरून? म्हशीचे शव सापडले नाही, म्हणून शवविच्छेदन नाही, म्हणून तो प्रस्तावही अडला आहे. ज्याला आपण करदात्यांच्या पैशावर जगणे म्हणता, त्याची आजवरची जमा बाजू ही अशी आहे. सोयाबीन काढणीला आले होते, ते शेतातच कुजले. तो हिशेब मी इथे धरलेला नाही.

सध्या आईवडील भावासह शाळेजवळच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. जुन्या जागेवर अण्णांना पुन्हा घर बांधायचे आहे, आणि या बाबतीत मी आपल्या बाजूची आहे. पांढरीच्या अगदी माथ्यावर भावकीतील एकाची पडीक जागा आहे, ती बदल्यात मिळते का, यावर सध्या घरात कडाक्याचे वाद सुरू आहेत. ओसरीचा दगडी खांब मात्र उभाच आहे. भावाने २००६ च्या रेघेच्या दोन हात वर नवी रेघ ओढली, आणि अण्णांनी त्याला परसाच्या भिंतीच्या उरलेल्या तुकड्यावर दुसरी ओढायला लावली, ओढ्याच्या पाण्याची.

आपण खात्यात होतात, म्हणून शेवटी एक मागणे आहे. भावाने मारुतीच्या पाराच्या पायऱ्या मोजून, त्या रात्री कोणती पायरी किती वाजता बुडाली हे गावातल्या लोकांना विचारून वहीत लिहून काढले आहे. पैठणहून कोणत्या वेळी किती पाणी सोडले गेले त्याच्याशी ही वही जुळवून, अमुक विसर्गाला अमुक तासांनी अमुक पायरी, आणि ओढ्याला पाणी असेल तर किती वर, असा तक्ता करता येईल का? आपल्याला जमत असेल तर वहीच्या पानांची छायाचित्रे मी लगेच पाठवते. पुढच्या जूनच्या आत तो तक्ता पाराच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहायचा आहे, आणि रंगाचे पैसे मी भावाकडे देऊन ठेवले आहेत.