डिश लावताना उपग्रहाला विचारू नका

डिश कुठे लावायची हे घरात सगळ्यांना विचारा. उपग्रहाला तेवढे विचारू नका. तो बसलाय विषुववृत्तावर, ३५,७८६ किलोमीटर उंच. तुमच्या घराचा दर्शनी भाग किती देखणा आहे याची त्याला काय कदर?

तेव्हा आधी भिंत पसंत करा. रस्त्यावरून दिसणार नाही आणि केबल कमी लागेल, अशी. उत्तर गोलार्धात उपग्रह दक्षिणेच्या आकाशात सापडतो, दक्षिण गोलार्धात उत्तरेच्या. तुमची भिंत नेमकी उलट बाजूला निघाली, तर दोष बसवणाऱ्याचा.

समोर झाड असेल तर छानच, फक्त मुहूर्त पानगळीचा धरा. उघड्या फांद्यांमधून सिग्नल मिळतो, चित्र स्वच्छ येते, बसवणारा पैसे घेऊन जातो. मग पालवी फुटते. घरगुती डिशचा सिग्नल ज्या लहरींवर येतो त्या कू बँडच्या, तरंगलांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. ओली पाने त्या अख्ख्या पिऊन टाकतात. आता करवत घ्या आणि डिशच्या तोंडासमोरच्या फांद्या तोडा. घरगुती डिश बहुधा ऑफसेट असते, म्हणजे ती दिसते समोर बघताना, पण तिची नजर असते त्याहून वीस-पंचवीस अंश वर. त्यामुळे निरपराध फांद्या पडतील आणि गुन्हेगार शेंड्यावर डुलत राहील.

खांबासाठी बाल्कनीचे रेलिंग आहेच. भिंत हवी असेल तर बोल्ट विटेपर्यंत नेऊ नका, गिलाव्यातच थांबवा. ओळंबा मुळीच लावू नका. खांब तिरका असला की ब्रॅकेटवरचे अंश खोटे बोलतात आणि डिश आडवी फिरवावी तर उंचीचा कोनही बदलतो. सुटीची दुपार कशी गेली ते कळतसुद्धा नाही. साठ सेंटिमीटरच्या डिशचा झोत तीनेक अंशांचाच. वाऱ्याने ती एखादा अंश सरकली तरी निरभ्र दिवशी चित्र येतच राहते. गेलेली असते ती पावसासाठी राखलेली सिग्नलची शिल्लक. मग पहिल्याच सरीला पडदा काळा, आणि तुम्ही पावसाला शिव्या द्यायला मोकळे.

केबल एलएनबीपासून (डिशच्या तोंडासमोर सिग्नल झेलणारी ती डबी) खिडकीच्या फटीपर्यंत ताठ ओढा, उतरती. आत शिरण्याआधी खाली झोळ सोडलात तर पाणी तिथेच ठिबकून जाईल आणि भिंतीला ओल कशी येणार? कनेक्टरवर रबरी टोपीही नको. केबलच्या आतली बारीक तारांची जाळी वातीसारखे पाणी शोषते, तांबे हिरवे पडते आणि सगळे जण सेट-टॉप बॉक्स बदलत बसतात. कनेक्टर चढवताना जाळीचा केसभर तंतू मधल्या तारेला टेकू द्या. एलएनबीला जाणारे १३ किंवा १८ व्होल्ट जागीच शॉर्ट.

आणि हो, उंची! जितकी वर तितका सिग्नल जास्त, या समजुतीला धक्का लावू नका. समोर आडकाठी नसेल तर जमिनीवरच्या डिशलाही तेवढाच सिग्नल मिळतो, पण तिच्याकडे मान वर करून कोण बघणार? शिडी पोचणार नाही अशीच जागा हेरा. एलएनबीच्या तोंडावर गांधीलमाश्यांनी घर केले, की ते खालून दुर्बिणीने छान दिसते.