मार्कांचा विनिमय दर

माझ्या पदवीच्या मार्कलिस्टवर 62 टक्के आहेत. पुण्यात त्याला फर्स्ट क्लास म्हणत आणि आईने त्या वेळी अख्ख्या वाड्यात पेढे वाटले होते. पुढे अमेरिकेत एमएसला अर्ज केला, तेव्हा तिथल्या हिशेबात 62 म्हणजे 'डी', अर्थात जेमतेम काठावरचा विद्यार्थी, असे कळले आणि आमच्याकडे साठीच्या वर गेलेला मुलगा हुशार समजला जातो, असे विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र जोडावे लागले. इतके होऊनही, न्यू जर्सीत जन्मलेल्या माझ्या कन्येने गेल्या वर्षी "मला फिजिक्सच शिकायचंय आणि तेही इंग्लंडमध्ये" असे जाहीर केले, तेव्हा मी बेसावध होतो. दोन्हीकडे इंग्रजीच बोलतात, मग अडचण ती काय येणार?

अडचण जीपीए, म्हणजे शाळेतल्या मार्कांच्या सरासरीपासूनच सुरू झाली. अवघड विषय घेतले की शाळा मार्कांना वजन देते, त्यामुळे कन्येचा जीपीए 4 पैकी 4.4 आहे. सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेल्या आईने हा आकडा ऐकून चष्मा काढला. "चारांपैकी साडेचार? अरे, तपासणाऱ्याला गणित येतं ना?" ब्रिटिश विद्यापीठांचे मत आईहून फारसे वेगळे नव्हते. नुसता अमेरिकन हायस्कूल डिप्लोमा त्यांतल्या बहुतेकांना पुरत नव्हता. त्यांना हवे होते 1 ते 5 या मापात मोजलेले एपी, म्हणजे शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेजच्या पातळीवरच्या परीक्षांचे निकाल, तेही तीन विषयांत 5, आणि कुठेकुठे जोडीला सॅट ही प्रवेशपरीक्षा. चार वर्षांचे गृहपाठ, प्रकल्प आणि बँडमध्ये वाजवलेले क्लॅरिनेट यांची किंमत शून्य. बोर्डाच्या परीक्षेवर वाढलेल्या मला तर माहेरी आल्यासारखे वाटले. (तिकडे पदवीला 70 टक्क्यांना फर्स्ट क्लास देतात, हेही तेव्हाच वाचले. माझे 62 तिथे कोणाला समजावून सांगावे लागले नसते, पण हे कळायला तीस वर्षे उशीर झाला.)

कन्येने दहावीत कॅल्क्युलस एबी आणि अकरावीत बीसी या एपी परीक्षा दिल्या होत्या आणि दोन्हींत 5 मिळवले होते, म्हणून मी दोन बोटे मोजली. विद्यापीठाच्या तळटीपेत मात्र या दोन्ही मिळून एकच विषय धरला जाईल असे लिहिले होते, तेव्हा एक बोट मुकाट्याने मिटले. केमिस्ट्री धरून पुन्हा दोन झाली. तिसरे बोट फिजिक्स सीचे होते आणि ती परीक्षा बारावीच्या मे महिन्यात, म्हणजे अर्ज करून सात महिने झाल्यावर.

यावर ब्रिटनमध्ये तोडगा आहे: न दिलेल्या परीक्षेत किती पडतील याचे भाकीत शाळेने करायचे. आमच्या शाळेतल्या काउन्सेलर बाईंनी असला प्रकार ऐकलेला नव्हता. "आम्ही पडलेले मार्क कळवतो, पडणारे नाही," असे त्यांनी अतिशय गोड हसून सांगितले आणि असे काही लिहून देणे नियमात बसते का, हे विचारून घेते म्हणाल्या. आईला मात्र यात काहीच वावगे वाटले नाही. "पत्रिका आहे माझ्याकडे. गुरू पाचव्या स्थानात आहे, म्हणजे पाचच पडणार." तीन ईमेलनंतर फिजिक्सच्या शिक्षकांनीही 5 च लिहून दिले, त्यांनी कशाच्या आधारावर लिहिले, हे मी विचारले नाही.

मग आला निबंध. अमेरिकेतल्या अर्जासाठी कन्येने आजीच्या चकलीवर 650 शब्द लिहिले होते, आणि तुटलेल्या चकलीतून तिला जिद्द कशी सापडली हे वाचून मला हुंदका आला होता. युकॅसच्या, म्हणजे ब्रिटिश विद्यापीठांच्या सामाईक अर्जाला जिद्द नको होती, फिजिक्स हवे होते: तीन प्रश्न, मिळून 4000 अक्षरे, आणि त्यात दोन शब्दांमधल्या रिकाम्या जागाही मोजलेल्या. शिवाय विद्यापीठे पाचच निवडायची, त्यांत ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज यांपैकी एकच, आणि ते एक हवे असेल तर मुदत 15 ऑक्टोबरला तिथल्या संध्याकाळी सहापर्यंत, म्हणजे आमच्याकडे दुपारी एक. दिवाळी पाच-सहा दिवसांवर होती. स्वयंपाकघरात आई चकल्या तळत होती आणि बाहेरच्या टेबलावर कन्या 37 अक्षरे छाटत होती. शेवटी 650 शब्दांच्या चकलीतून एकच वाक्य शिल्लक राहिले, तेही कढईतल्या तेलाचे उष्णतावहन समजावण्यापुरते. "माझं नाव तरी आहे का त्यात?" आईने विचारले. नव्हते. आजीला पाच अक्षरांइतकीही जागा उरली नव्हती.

जानेवारीत एका विद्यापीठाचे पत्र आले. प्रवेश दिला आहे, पण फिजिक्स सीमध्ये 5 पडले तर. आईने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले.

"म्हणजे मिळाला की नाही?"

"मिळाला, पण अट आहे. निकाल जुलैत."

"मार्चमध्ये मी परत जाणार, जुलैपर्यंत थांबणं शक्य नाही," असे म्हणून आईने त्याच आठवड्यात खवा आटवला. डबा आमच्या फ्रीजरमध्ये तळाशी, मटारांच्या खाली आहे. झाकणावर कन्येने चिकटपट्टी लावून लिहिले आहे: 'कंडिशनल'. मी आतापर्यंत दोन खाल्ले आहेत.