दोन मॉनिटर लावताना मान कुठे ठेवायची?

दुसरा मॉनिटर घ्यायचं म्हटलं की सल्ले न मागता मिळतात. दोन्ही एकसारखेच घे, बरोबर मधोमध बस, सेटिंगमध्ये डावीकडे १ आणि उजवीकडे २ दिसलं की झालं, आणि पोर्ट कमी पडला तर स्प्लिटर लाव. सगळे इतक्या ठामपणे सांगतात की कुणी उलटतपासणी करत नाही. यातला एक सल्ला अर्धा खरा आहे, बाकीचे सोडून दिलेले बरे.

अर्धा खरा तो मधोमध बसण्याचा. मधोमध बसलं की नाकासमोर येते ती दोन्ही स्क्रीनच्या कडांची काळी पट्टी. डावीकडे मूळ मजकूर, उजवीकडे अनुवाद, आणि नजर सतत इकडून तिकडे असं काम असेल तर हे ठीक. तेव्हा दोन्ही मॉनिटर उघड्या पुस्तकासारखे किंचित आत वळवायचे. पण बहुतेकांचं काम असं समसमान नसतं. हिशेबाचं काम करणाऱ्याची नजर दिवसभर टॅलीवर असते. जीएसटीचं पोर्टल आणि मेल तो अधूनमधून बघतो. त्याला मधोमध बसवलं की आठ तास मान एकाच बाजूला. संध्याकाळी खांदा धरला की दोष खुर्चीला!

अशा वेळी मुख्य स्क्रीन थेट समोर आणि दुसरी तिला लागून, आपल्याकडे तिरकी करून ठेवायची. ‘समोर’ हेही नीट बघा. नंबरपॅड असलेल्या कीबोर्डचा मध्य आणि आपल्या हातांचा मध्य एक नसतो. जी आणि एच या बटणांमधली रेघ मुख्य स्क्रीनच्या मध्याशी जुळली पाहिजे. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली असावी. प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत वर लांबचं, खाली जवळचं) असेल तर आणखी खाली, नाहीतर काचेच्या खालच्या भागातून वाचायला हनुवटी वर करून बसावं लागतं.

एकसारखे मॉनिटर दिसायला छान, पण सक्ती कसली? घरातला जुना २४ इंची फुल एचडी (उंचीत १०८० पिक्सेल) आणि नवा २७ इंची, उंचीत १४४० पिक्सेलवाला सुखाने नांदतात. पहिल्यात इंचाला साधारण ९२ पिक्सेल बसतात, दुसऱ्यात १०९, म्हणून नव्यावर अक्षर बारीक दिसतं. विंडोजमध्ये प्रत्येक स्क्रीनचं स्केल, म्हणजे अक्षरं किती मोठी दिसावीत ते, वेगळं ठेवता येतं, तेवढं करून बघा.

खरी गंमत विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये प्रत्येक मॉनिटरसाठी जो आकड्याचा चौकोन दिसतो, त्या चौकोनांची आहे. १ आणि २ हे आकडे विंडोजने स्वतः दिलेले असतात. त्यांचा डाव्या-उजव्याशी संबंध नाही. ‘आयडेंटिफाय’ दाबून कुठला आकडा कुठे उमटतो ते बघायचं आणि टेबलावर जसं आहे तसे चौकोन ओढून ठेवायचे. डावीकडे २ आला तर येऊ दे. टास्कबारची मुख्य स्क्रीन कुठली हे वेगळं ठरवता येतं.

हे चौकोन इंचांत नसतात, पिक्सेलमध्ये असतात. वरच्या जोडीत उंचीचा फरक टेबलावर जेमतेम पावणेचार सेंटिमीटर, पण सेटिंगमध्ये ३६० पिक्सेल, म्हणजे मोठ्या चौकोनाची पाव उंची. दोघांच्या वरच्या कडा जुळवल्या तर मोठ्या स्क्रीनच्या खालच्या भागातून कर्सर पलीकडे जातच नाही, भिंतीला धडकल्यागत थांबतो. लोक माउस बदलतात! विंडोज ११ मध्ये हा अडसर कमी करणारं सेटिंग आहे, पण आधी चौकोन सरकवा. कर्सर जिथून सगळ्यात जास्त ये-जा करतो, तिथे तो सरळ रेषेत पलीकडे निघाला पाहिजे. वरच्या किंवा खालच्या टोकाला थोडी उडी राहील, ती चालवून घ्या.

उरला स्प्लिटर. साधा एचडीएमआय स्प्लिटर एकाच चित्राच्या दोन प्रती काढतो. विंडोज आणि पी दाबून कितीही वेळा ‘एक्सटेंड’ निवडा, कॉम्प्युटरला एकच मॉनिटर दिसतो. दोन वेगळी चित्रं हवी असतील तर दोन स्वतंत्र आउटपुट लागतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर दोन्ही केबल त्या कार्डालाच लावा, वर मदरबोर्डवर दिसणाऱ्या पोर्टला नको. आणि स्प्लिटर आधीच घेऊन झाला असेल तर गॅदरिंगला हॉलमधल्या दोन टीव्हींवर एकच कार्यक्रम दाखवायला तो उत्तम.